पत्ता कोठून मोजावा?

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यात डोणगाव हे गाव आहे. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. या गावातले रस्त्याकडेचे एखादे घर तुम्हांला दोन पाहुण्यांना सांगायचे आहे असे समजा. एक पाहुणा मेहकरकडून येणार आहे आणि दुसरा मालेगावकडून. पहिल्याला तुम्ही सांगाल, "घर उजव्या हाताला आहे." दुसऱ्याला मात्र "डाव्या हाताला आहे" असे सांगावे लागेल. घर जागचे हललेले नाही, तरी त्याचे पत्ते दोन झाले. असे का झाले? कारण आपण सांगितला तो घराचा पत्ता नव्हताच. पाहुणा जेथे असेल तेथून घरापर्यंत कसे जायचे, एवढेच आपण सांगितले होते.

ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. आज रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार, परीक्षेचे निकाल ही कामे दूरवरच्या सर्व्हर नावाच्या संगणकांवर चालतात. त्या संगणकांसाठी आज्ञावल्या लिहिणारी जाणती माणसेसुद्धा आपल्या फायलींचे पत्ते पुष्कळदा "येथून डावीकडे, तेथून मागे" अशाच पद्धतीने लिहितात. ही सवय वाईट आहे आणि ती शाळेतच मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे या लेखात सांगणार आहे.

फायलींचे झाड

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. तेव्हा तिचे काम वेबपानांपुरते, म्हणजे वाचणाऱ्याच्या संगणकावर चालणाऱ्या ब्राउझरपुरते होते. २००९ साली रायन डाल यांनी नोड.जेएस ही प्रणाली पुढे आणली आणि तीच भाषा सर्व्हरवरही सहज चालू लागली. आज असंख्य सर्व्हर नोडवर चालतात. तुमच्यापैकी ज्यांना संगणकाची आवड आहे, त्यांची नोडशी गाठ लवकरच पडेल.

मोठी आज्ञावली कोणीही एकाच फाइलमध्ये लिहीत नाही. शाळेत जसे वर्ग, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा असे भाग पाडलेले असतात, तसे आज्ञावलीचेही तुकडे करतात. अशा प्रत्येक तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. एका मॉड्यूलला दुसऱ्याचे काम हवे असेल, तर ते त्याला बोलावून घेते. या बोलावण्याला आयात करणे असे नाव आहे. आयात करताना हवे ते मॉड्यूल कोठे आहे ते लिहावे लागते. आपला सारा प्रश्न या एका ओळीचा आहे.

फायली फोल्डरमध्ये असतात आणि एका फोल्डरमध्ये दुसरे फोल्डर असू शकते. कागदावर काढले तर हे उलटे धरलेल्या झाडासारखे दिसते: मूळ वर आणि फांद्या खाली. या झाडावर वर चढण्यासाठी युनिक्स प्रणालीपासून एक खूण चालत आली आहे. एक टिंब म्हणजे "मी आहे तेच फोल्डर" आणि दोन टिंबे म्हणजे "माझ्या वरचे फोल्डर". दोन पायऱ्या वर जायचे असेल, तर दोन टिंबांची जोडी दोनदा लिहायची आणि मध्ये तिरपी रेघ द्यायची. नोडनेही ही खूण तशीच ठेवली आहे.

टिंबांची मोजदाद

आता एक उदाहरण घेऊ. डोणगावातल्या एखाद्या शाळेसाठी विद्यार्थ्यांनी हजेरीची आज्ञावली लिहिली आहे असे समजा. प्रत्यक्षात फायलींची नावे बहुधा रोमन लिपीत लिहितात. येथे ती समजण्याच्या सोयीसाठी नागरीत देतो. सर्वांत वर "शाळा" हे फोल्डर आहे. त्यात "सामाईक" नावाचे एक फोल्डर आहे आणि "हजेरी" नावाचे दुसरे. शाळा कोणत्या दिवशी भरली आणि कोणत्या दिवशी सुटी होती, ते सांगणारी "दिनदर्शिका" ही फाइल "सामाईक"मध्ये ठेवली आहे. हजेरीची टक्केवारी काढणारी "मासिक" ही फाइल मात्र खोलवर आहे: हजेरी, त्यात इयत्ता, त्यात दहावी आणि त्यात ही फाइल. तिला दिनदर्शिका हवी असेल, तर ती असे लिहिते:

../../../सामाईक/दिनदर्शिका

म्हणजे दहावीतून इयत्तेत, इयत्तेतून हजेरीत, हजेरीतून शाळेत आणि मग खाली सामाईकमध्ये. तीन पायऱ्या वर आणि एक खाली. हे बरोबर आहे आणि चालतेही. मग बिघडले कोठे?

पहिली अडचण वाचणाऱ्याची आहे. ही ओळ वाचून दिनदर्शिका नेमकी कोठे आहे ते कळत नाही. ते कळण्यासाठी वाचणारी फाइल स्वतः कोठे आहे, हे आधी माहीत असावे लागते. मग बोटावर पायऱ्या मोजायच्या. शंभर फायलींत शंभर वेळा हे करावे लागले, तर डोके दुखल्याशिवाय राहणार नाही.

दुसरी अडचण फाइल हलवण्याची आहे. "मासिक" ही फाइल एक पायरी वर, इयत्ता या फोल्डरात आणली असे समजा. आता त्याच तीन जोड्या आपल्याला थेट "शाळा"च्याही बाहेर नेतात. तेथे सामाईक नावाचे काही नाही. असे मॉड्यूल सापडत नाही, अशी तक्रार करून संगणक थांबतो. हा त्रास खरा, पण लहान. चूक लगेच दिसते आणि लगेच दुरुस्त होते.

तिसरी अडचण मात्र घातक आहे. दहावीच्या दोन तुकड्या झाल्या, म्हणून "मासिक" ही फाइल आणखी एक पायरी खाली, "अ तुकडी" या फोल्डरात हलवली. आता तीन पायऱ्या चढून आपण शाळेपर्यंत पोहोचतच नाही, हजेरीपर्यंतच पोहोचतो. तेथे कोणी तरी पूर्वी चाचणीसाठी आणखी एक "सामाईक" फोल्डर केले होते. त्यात "दिनदर्शिका" नावाची जुनी फाइलही पडून होती आणि तिच्यातली कामांची नावेही तीच होती. संगणक तक्रार करत नाही. तो ती जुनी फाइल मुकाट्याने उचलतो आणि काम चालू ठेवतो.

याचा परिणाम काय होईल? विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात, हे तुम्हांला माहीत आहेच. खऱ्या दिनदर्शिकेत विदर्भाच्या तारखा होत्या आणि चाचणीच्या फाइलमध्ये उर्वरित राज्याच्या होत्या, असे समजा. जुलैअखेर शाळा २५ दिवस भरली आणि एक मुलगी त्यांपैकी २२ दिवस हजर होती. तिची हजेरी ८८ टक्के झाली. चुकीच्या दिनदर्शिकेनुसार मात्र शाळा ३७ दिवस भरली. तेव्हा त्याच मुलीची हजेरी ५९ टक्क्यांच्या आसपास निघेल. दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. शाळेचे दार ज्या दिवशी उघडलेच नव्हते, त्या दिवसांची गैरहजेरी या मुलीच्या नावावर पडली आणि संगणकाने चूक झाल्याचे कोठेही सांगितले नाही. टिंबांच्या एका जोडीची ही करामत आहे. रुग्णालयातील औषधांचे प्रमाण किंवा बँकेतील व्याजाचा दर अशा रीतीने चुकला तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

टपाल खात्याचा धडा

एकाच नावाची दोन ठिकाणे आणि त्यांतून होणारा घोटाळा हा प्रश्न संगणकाने नव्याने निर्माण केलेला नाही. डोणगावच्या रस्त्यावरचे मालेगाव वाशीम जिल्ह्यात आहे. नुसते "मालेगाव" म्हटले, तर महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यातले मालेगाव येते. डोणगाव नावाची गावेही राज्यात आणखी आहेत. अक्षर लागत नसेल, जिल्हा लिहायचा राहिला असेल, तर पत्र भलतीकडे जाणार हे ठरलेले.

यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने पिन कोडची पद्धत सुरू केली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. सहा आकड्यांच्या या क्रमांकातला पहिला आकडा देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा. उरलेले तीन आकडे विशिष्ट टपाल कार्यालयाचे असतात. महाराष्ट्राचे क्रमांक ४ ने सुरू होतात. बुलढाणा जिल्ह्यातले बरेच क्रमांक ४४३ ने सुरू होतात. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचा ४४४ ने आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा ४२३ ने सुरू होतो. नाव एकच असले, तरी आता गोंधळाला जागा नाही.

या पद्धतीतले मर्म ओळखा. पत्र पुण्यातून टाका, गुवाहाटीतून टाका किंवा शेजारच्या मेहकरातून टाका. लिहायचा क्रमांक एकच. तो लिहिणाऱ्याच्या जागेवर अवलंबून नाही. तुम्ही बदली होऊन दुसऱ्या गावी गेलात, म्हणून डोणगावचा पिन बदलत नाही. साऱ्या देशाला मान्य असलेल्या एका ठरलेल्या आराखड्यावरून पत्ता मोजायचा, पत्र टाकणाऱ्याच्या पायापासून नव्हे, हा तो धडा आहे.

नोडमध्ये हे कसे करावे?

टिंबांच्या रांगांना कंटाळून लोकांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. त्यांपैकी काही सांगतो, कारण वाईट उपाय ओळखता येणे हेही शिक्षणच आहे.

एक युक्ती अशी की, "फायली येथेही शोध" अशी सूचना आज्ञावलीत न लिहिता संगणकाच्या परिसर-चलात लिहून ठेवायची. यात आज्ञावली लिहिणाऱ्याच्या संगणकावर ठीक चालते, पण दुसऱ्याच्या संगणकावर ती सूचना नसेल तर बंद पडते. शिवाय जावास्क्रिप्टच्या २०१५ सालच्या प्रमाणात आलेली जी नवी आयातपद्धत आहे, तिच्यात नोड ही सूचना पाहतच नाही. दुसरी युक्ती म्हणजे बाहेरून आणलेली मॉड्यूले नोड ज्या फोल्डरात शोधतो, त्यातच आपल्या फोल्डरचा एक दुवा गुपचूप ठेवून द्यायचा. पण ते फोल्डर पुसून नव्याने भरणे हे रोजचे काम आहे. ते झाले की दुवाही गेला. तिसरी युक्ती नोडच्या शोधयंत्रणेतच हात घालून तिला टोपणनावे शिकवण्याची. ती चालते, पण घड्याळ पुढे जाते म्हणून त्याचे दाते कानशीने घासण्यापैकी ती आहे.

सरळ उपाय २०२० साली नोडनेच दिला. १२.१९ आणि १४.६ या आवृत्त्यांपासून तो उपलब्ध आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी पॅकेज.जेसन नावाची एक फाइल असते. प्रकल्पाचे नाव, आवृत्ती, बाहेरून कोणती मॉड्यूले हवीत ही माहिती तिच्यात असते. तिच्यातच "इम्पोर्ट्स" या शीर्षकाखाली आता अंतर्गत पत्त्यांची यादी करता येते. "#सामाईक म्हणजे प्रकल्पाच्या मुळापासूनचे सामाईक हे फोल्डर" असे तेथे एकदा लिहिले, की कोणत्याही फाइलमधून एवढेच लिहायचे:

#सामाईक/दिनदर्शिका

"मासिक" ही फाइल दहावीत ठेवा, अ तुकडीत ठेवा, वाटल्यास हजेरीच्या बाहेर काढा. ही ओळ बदलत नाही आणि दुसऱ्या फाइलकडे भरकटतही नाही. सामाईक फोल्डरच हलवायचे झाले, तर यादीतली एक ओळ बदलली की काम भागते. आणि ही यादी प्रकल्पाबरोबरच राहत असल्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावरही ती तशीच लागू होते.

सुरुवातीचे हॅशचे चिन्ह तेथे शोभेसाठी नाही. नोडमध्ये टिंबाने सुरू न होणारे साधे नाव लिहिले, तर ते नोडचे स्वतःचे मॉड्यूल किंवा बाहेरून आणलेले मॉड्यूल आहे असे मानले जाते. बाहेरची मॉड्यूले एनपीएम या सार्वजनिक भांडारातून येतात. त्यात दहा लाखांहून अधिक संच आहेत आणि कोणीही नवे नाव नोंदवू शकतो. घरातले नाव आणि बाजारातले नाव एकच झाले, तर काय होते ते २०२१ साली ॲलेक्स बिरसान या संशोधकाने दाखवून दिले. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत संचांची नावे त्याने मिळवली आणि त्याच नावांचे आपले निरुपद्रवी संच सार्वजनिक भांडारांत ठेवले. पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी घरचा संच सोडून बाहेरचा उचलला. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपलसारख्या कंपन्याही त्यांत होत्या. बिरसानचा हेतू सावध करण्याचा होता, म्हणून बरे. हॅशने सुरू होणारे नाव मात्र नोड केवळ त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या यादीत पाहतो. घरचे नाव घरातच राहते.

आक्षेप आणि उत्तरे

माझे हे मत सर्वांना पटेल असे नाही. जाणकारांचे आक्षेप ऐकून घेणे योग्य होईल.

पहिला आक्षेप असा, की आजचे संपादक-कार्यक्रम हुशार आहेत. फाइल हलवली की टिंबे तेच दुरुस्त करतात. हे खरे आहे. पण संपादक टिंबे दुरुस्त करील, ती वाचणाऱ्याच्या डोक्यातली मोजणी तो करणार नाही. आणि फाइल त्या संपादकाबाहेर, हाताने किंवा दुसऱ्या साधनाने हलवली, तर तोही काही करू शकत नाही. आज्ञावली एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते. सोय वाचणाऱ्याची पाहायला हवी.

दुसरा आक्षेप असा, की टोपणनावांमुळे खरी जागा लपते. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. कोणी "#स", "#ह२" अशी सांकेतिक नावे ठेवू लागला, तर टिंबे बरी म्हणायची वेळ येईल. म्हणून दोन पथ्ये पाळावीत. नाव फोल्डरचे जे असेल तेच ठेवावे आणि अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असावीत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चार-चार पायऱ्या वर चढावे लागते, याचा अर्थ झाडच वेडेवाकडे वाढले आहे. पत्ता सुधारण्याऐवजी घराची रचना सुधारा, असे काही जण म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत आहे. फोल्डरात फोल्डर कोंबण्याची हौस टाळावी आणि एकत्र लागणाऱ्या फायली एकत्र ठेवाव्यात. पण सुबक रचलेल्या गावालाही पत्ते लागतातच. दोन्ही कामे करावीत.

आणि टिंबे सर्वस्वी टाकाऊ आहेत, असेही माझे म्हणणे नाही. एकाच फोल्डरातल्या दोन फायलींनी एकमेकींना एका टिंबाने हाक मारावी, हेच उत्तम. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला जाताना कोणी पिन कोड विचारत नाही. शिवाय ते सबंध फोल्डर उचलून दुसरीकडे नेले, तरी शेजार कायम राहतो. माझा नियम एवढाच आहे: शेजारी असेल तर टिंब, अंगण ओलांडायचे असेल तर मुळापासूनचा पत्ता. पायथन या भाषेच्या लेखनशैलीविषयीच्या अधिकृत मार्गदर्शनातही मुळापासूनच्या आयातीचीच शिफारस आहे. अनुभवाने वेगवेगळ्या भाषांची माणसे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात, ती अशी.

शिक्षकांना विनंती

संगणकाच्या तासाला आपण भाषेचे नियम लवकर शिकवायला घेतो, पण फाइल राहते कोठे हे शिकवायचे राहून जाते. आजच्या मुलांच्या हातात मोबाइल असतो. त्यात छायाचित्रे आणि गाणी आपोआप समोर येतात. फोल्डरांचे झाड पडद्याआड राहते. त्यामुळे पुष्कळ मुलांना फाइलला पत्ता असतो, हेच नवे वाटते. तेव्हा आधी झाड, मग पत्ता आणि त्यानंतर आज्ञा, हा क्रम धरावा अशी माझी विनंती आहे.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. फळ्यावर शाळेचा आराखडा काढा: फाटक, इमारती, मजले, वर्ग. चार मुलांना चार वेगवेगळ्या वर्गांत उभे करा. प्रत्येकाला ग्रंथालयाचा पत्ता आधी स्वतःच्या जागेपासून लिहायला सांगा आणि मग शाळेच्या फाटकापासून. पहिल्या रीतीने चार चिठ्ठ्यांवर चार वेगळे पत्ते येतील, दुसऱ्या रीतीने चारही चिठ्ठ्यांवर एकच. आता मुलांच्या जागा अदलाबदल करा आणि पहिल्या चिठ्ठ्यांप्रमाणे चालायला सांगा. कोणी भिंतीशी थांबेल, कोणी भलत्याच खोलीत शिरेल. भिंतीशी थांबलेल्याची चूक सर्वांना दिसेल. पण भलत्या खोलीत शिरून "हेच ग्रंथालय" म्हणणाऱ्याकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधा. हजेरीच्या आज्ञावलीतली तिसरी अडचण ती हीच.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी एक छोटा प्रकल्प करून दोन्ही रीतींनी पत्ते लिहावेत. मग एक फाइल खालच्या फोल्डरात हलवून काय मोडते आणि काय टिकते याची नोंद करावी. तुम्ही लिहिलेली ओळ उद्या दुसरे कोणी तरी वाचणार आहे. ते कदाचित तुम्हांला कधी भेटणारही नाही आणि तुम्ही कोठे उभे होतात हेही त्याला ठाऊक नसेल. त्याला पोहोचता येईल असा पत्ता लिहिणे हे आपले काम आहे.